पाहणाऱ्याचा काठ

हायडेलबर्ग शहराचं एक चित्र जगभर फिरत असतं. खाली नेकार नदी, तिच्यावर तांबड्या वालुकाश्माच्या कमानींचा जुना पूल, पुलापलीकडे दाटीवाटीने बसलेली कौलारू घरं, त्यांतून वर आलेला चर्चचा मनोरा आणि सगळ्यांच्या वर, झाडीत अर्धा बुडालेला भग्न राजवाडा. कॅलेंडरांवर आणि पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांवर हेच दृश्य असतं. चित्र काढणारा उभा कुठे आहे, याचा विचार ते पाहताना सहसा कोणी करत नाही. तो उभा आहे नदीच्या उत्तर काठावर, आणि त्या काठावरच्या वस्तीचं नाव नॉयनहाइम.

मॅटेउस मेरियनने १६२० साली हायडेलबर्गचं मोठं कोरीव चित्र केलं, ते याच बाजूने पाहून. दोनच वर्षांनी, तीस वर्षांच्या युद्धात, सेनापती टिलीच्या सैन्याने शहर लुटलं. म्हणजे लुटीआधीचं हायडेलबर्ग आज आपल्याला दिसतं, ते उत्तर काठाच्या नजरेने. टर्नरने १८४० च्या सुमारास मावळतीच्या उजेडात विरघळत चाललेलं हे शहर जलरंगांत रंगवलं, तेही समोरच्या काठावरून. आज मोबाइल उंचावून उभी राहणारी माणसं नकळत त्यांच्याच जागेवर पाय ठेवतात आणि फोटो काढून झाला की पूल ओलांडून पलीकडे जातात. त्यांच्या पाठीमागची वस्ती तशीच राहते, न वाचलेली. कवितेपुढे जसं थांबावं तसं या वस्तीपुढे थांबलं, तर ती फार काही देते, असा माझा अनुभव आहे. तिचं सौंदर्य एका भूमिकेतून आलेलं आहे: ही पाहणाऱ्याची वस्ती आहे.

पुलापासूनच वाचायला घ्यावं. नदीच्या पुरांनी आणि वाहून आलेल्या बर्फाने इथले आधीचे पूल पुन्हापुन्हा मोडले. १७८४ च्या हिमपुरात त्यांतला शेवटचा गेला आणि इथला राज्यकर्ता कार्ल थिओडोर याने १७८६ ते १७८८ या काळात आजचा दगडी पूल बांधवला. या पुलाला वेस आहे, दोन गोल बुरुजांची. पण ती एकाच टोकाला, शहराच्या बाजूला. नॉयनहाइमच्या टोकाला काही नाही. पूल सरळ रस्त्यात उतरतो. शहराला आत आणि बाहेर असतं, राखायचं काही असतं, म्हणून दार असतं. उत्तर काठ त्या दाराच्या बाहेरचा. पुलावर मिनर्व्हाचा पुतळा आहे, विद्येच्या रोमन देवतेचा, आणि तो याच पुलावरच्या राज्यकर्त्याच्या पुतळ्यापेक्षा आपल्या काठाला जवळ आहे. शिल्पकाराच्या मनात काय होतं ते असो, पण राज्यकर्ता वेशीजवळ आणि विद्या बाहेरच्यांकडे, ही मांडणी मला या जागेच्या स्वभावाला शोभणारी वाटते.

गंमत अशी की, वेशीबाहेरचा हा काठच वयाने मोठा आहे. लोर्शच्या मठाच्या दानपत्रांत नॉयनहाइमचा उल्लेख इसवी सन ७६५ मध्ये येतो. हायडेलबर्गचं नाव लेखी सापडतं ते ११९६ मध्ये. त्याही आधी इथे रोमन सैन्याचा तळ होता आणि नदीवर दगडी खांबांचा रोमन पूल होता. १८३८ साली नॉयनहाइममध्ये खोदताना मिथ्र देवाचं भूमिगत मंदिर सापडलं. बैलाचा वध करणारा मिथ्र आणि त्याच्याभोवती छोट्या चौकटींत त्याची कथा, असं ते शिल्प आज कार्ल्सरूहच्या संग्रहालयात आहे. कोळ्यांचं आणि द्राक्षमळे राखणाऱ्यांचं हे गाव १ जानेवारी १८९१ रोजी हायडेलबर्ग शहरात सामील करण्यात आलं. थोरल्याने धाकट्याचं नाव लावलं.

त्यानंतर आली ती आज दिसणारी घरं. शेतांवर आणि मळ्यांवर रस्ते आखले गेले, प्राध्यापक, डॉक्टर, निवृत्त अधिकारी इथे बंगले बांधून राहू लागले. उंच छताच्या खोल्या, रंगीत काचांचे जिने, लोखंडी कठड्यांच्या बाल्कन्या, पुढे हातभर बाग. या घरांकडे नीट पाहिलं तर ध्यानात येतं की, सजावटीचा सगळा जोर एका दिशेला आहे. मोठ्या खिडक्या, सज्जे, गच्च्या दक्षिणेकडे, नदीकडे. कारण दोन. एक तर समोरचं दृश्य. दुसरं ऊन. जुनं शहर क्योनिगश्टूल डोंगराच्या उत्तर पायथ्याशी आहे, त्यामुळे हिवाळ्यात त्याच्यावर डोंगराची सावली लवकर पडते. नॉयनहाइमच्या मागचा उतार मात्र दक्षिणाभिमुख, दिवसभर ऊन खाणारा. त्याच उतारावरून फिलोसोफेनवेग नावाची जुनी पायवाट जाते. तिथल्या बागेत अंजीर, लिंबू, डाळिंब अशी भूमध्य समुद्राकाठची झाडं जर्मनीच्या थंडीत तग धरून राहतात आणि बदाम इतरांच्या आधी फुलतो. नाटकगृहात रंगमंच उजळतो आणि प्रेक्षक अंधारात असतात. इथे उलटं आहे. पाहणारा उन्हात बसलेला आणि पाहायचं ते सावलीत. फक्त संध्याकाळी, पश्चिमेकडून तिरपी किरणं दरीत शिरली की, पलीकडच्या राजवाड्याचा तांबडा दगड पेटल्यासारखा होतो.

पायवाटेवर चढायचं तर जुन्या पुलासमोरून श्लांगेनवेग धरावा. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मधून नागमोडी चढ, पायाखाली ओबडधोबड फरसबंदी. या वाटेची रचना मला एखाद्या कसलेल्या गद्यलेखकाची वाटते. भिंती इतक्या उंच की बराच वेळ काही दिसत नाही. वळण येतं, तेवढ्यापुरता राजवाडा दिसतो, पुन्हा भिंत. पुढच्या वळणावर तोच राजवाडा थोडा खाली सरकलेला, आणि त्याच्या मागचा डोंगर वाढलेला. आपण चढतो तसतसा समोरचा देखावा आपली उंची बदलत जातो. वर पोचेपर्यंत हे दृश्य आपण तुकड्या-तुकड्यांनी कमावलेलं असतं. गाडीने वर जाणाऱ्याला ते एकदम मिळतं आणि म्हणून कमी मिळतं.

आता शांततेविषयी. नॉयनहाइम शांत आहे असं सगळेच म्हणतात, पण ती शांतता नेमकी कुठे आहे हे पाहायला हवं. जुन्या पुलाच्या बाजूला, नदीला लागून जाणाऱ्या हमरस्त्यावर ती नाही. तिथे दिवसभर वाहतूक चालू असते. शांतता आहे ती एक गल्ली आत. आणि थोडं पश्चिमेला, थिओडोर हॉइस पुलाच्या पलीकडे, जिथे नदी आणि घरं यांच्यामध्ये रस्ता नसून हिरवळीचा लांब पट्टा आहे, त्या उफरश्ट्रासंवर. रविवारी सकाळी तिथून चाललं की एकेक आवाज सुटा ऐकू येतो. सायकलच्या मोकळ्या चाकाची टिकटिक. वरच्या बाल्कनीत बशीवर ठेवलेला चमचा. वल्ह्यांचा एकसुरी सपकारा आणि त्यांना ताल देणाऱ्या सुकाणूधारकाची हाक. मग चर्चची घंटा, आणि ती थांबल्यावरही हवेत राहिलेली तिची थरथर. उन्हावर चालणारी, काचेच्या छताची एक प्रवासी बोट आहे, ‘नेकारझोने’ नावाची; ती समोरून जाते तेव्हा पाणी कापल्याचाच काय तो आवाज होतो.

ही शांतता आपोआप पडलेली नाही. रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखला जाईल, हे कलम १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होतं आणि १९४९ च्या राज्यघटनेने ते जसंच्या तसं पुढे घेतलं. रविवारी दुकानं बंद, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही. रात्री दहानंतर आवाज खोलीपुरता. आपल्याकडे शांतता ही आवाज संपल्यावर उरणारी गोष्ट आहे. इथे ती सार्वजनिक मालमत्ता आहे, पाण्याच्या नळासारखीच सांभाळलेली, आणि तिच्यावरून भांडणंही होतात. जून-जुलैच्या संध्याकाळी याच हिरवळीवर, नेकारवीजंवर, सगळं शहर लोटतं. शेगड्यांचा धूर, गिटार, चेंडू, हंसबदकांचे थवे, मध्यरात्रीपर्यंतचे हास्यकल्लोळ. रहिवाशांच्या तक्रारी होतात, पालिका नियम करते, वाद चालूच राहतो. मला वाटतं, तो वाद या वस्तीला जिवंत ठेवतो. महागड्या घरांसमोरची नदीकाठची जागा कुंपणाशिवाय सर्वांना खुली असणं ही या शहराने केलेली फार मोठी गोष्ट आहे, आणि घरमालकांच्या झोपेपेक्षा मी तिच्या बाजूने उभा राहीन.

या काठाची शांतता एका कवीने ऐकली आणि तिच्यावर कविता लिहिली. मुहम्मद इक्बाल १९०७ साली जर्मन शिकण्यासाठी इथे आले आणि नॉयनहाइमर लांडश्ट्रासंवरच्या ५८ क्रमांकाच्या घरात राहिले. त्या घरावर तशी पाटी आहे. ‘बांग-ए-दरा’ या १९२४ च्या संग्रहात त्यांची ‘एक शाम’ ही छोटी कविता आहे, आणि नेकारच्या काठावर, हायडेलबर्ग, असं स्थळ त्यांनी शीर्षकाखालीच नोंदवलं आहे. कवितेत घडत काहीच नाही. चांदणं गप्प आहे, फांद्या गप्प आहेत, दरीतले गाणारे पक्षी गप्प आहेत, डोंगरावरची हिरवाई गप्प आहे. एकाच शब्दाचा ठोका पुन्हापुन्हा पडत राहतो आणि प्रत्येक ठोक्याबरोबर आणखी एक आवाज विझतो. मग शांततेची जादू अशी चढते की, वाहती नेकारही थांबल्यासारखी वाटते. तारे चालले आहेत, पण त्यांच्या काफिल्याला घंटा नाही. आणि शेवटी कवी स्वतःच्या मनाला म्हणतो की, तूही आता गप्प हो, दुःख कुशीत घे आणि झोप.

तीनच वर्षांपूर्वी, १९०४ मध्ये, याच कवीने ‘सारे जहाँ से अच्छा’ लिहिलं होतं. त्यात तो गंगेच्या पाण्याला हाक मारतो, तिला जुनी आठवण विचारतो. ती नदी त्याची आहे, तिच्याशी बोलता येतं. नेकारशी तो बोलत नाही. तिच्याकडे तो फक्त पाहतो आणि बोलतो ते स्वतःच्या मनाशी. परक्या नदीकाठी बसलेल्या माणसाचं एकटेपण या एका फरकात उतरलं आहे. दुःख कसलं, हे कवितेत कुठेही सांगितलेलं नाही आणि ते न सांगणंच योग्य आहे. सांगितलं असतं तर चांदण्यापासून ताऱ्यांपर्यंत जे एकेक शांत होत आलं, त्याच्यात शेवटी एक आवाज झाला असता. काफिल्याच्या घंटेचं नाव धारण करणाऱ्या संग्रहात ही बिनघंटेच्या काफिल्याची कविता आहे, हेही मला फार अर्थपूर्ण वाटतं.

ही कविता लिहिली गेली तेव्हाची नेकार मुळीच शांत नव्हती. नदीच्या तळाशी लोखंडी साखळी टाकलेली होती आणि तिला धरून वाफेच्या बोटी मालाच्या होड्यांची रांग प्रवाहाविरुद्ध ओढत नेत. साखळीचा खडखडाट आणि भोंग्याचा सूर यांमुळे लोक त्या बोटींना नेकारची गाढवं म्हणत. १८७८ ते १९३५ हे चाललं. इक्बालांनी दिवसा ते ऐकलंच असणार. कवितेतली शांतता त्या गोंगाटाच्या पलीकडे, रात्री, निवडून घेतलेली आहे. पुढे नेकारवर बंधारे आणि बोटींना वर-खाली नेणारे जलपाश यांची मालिका बांधली गेली. मानहाइम ते प्लोखिंगेन या दोनशे किलोमीटरांत आज २७ जलपाश आहेत. नॉयनहाइमसमोरचं पाणी हे आता खालच्या बंधाऱ्याने अडवलेलं पाणी आहे. कवीला रात्रीच्या भुलीत जे दिसलं, ते आज भर दुपारी दिसतं: नदी जवळजवळ थांबलेली.

पण या वस्तीत आणखी एक शांतता आहे आणि ती सुंदर नाही. फुटपाथच्या दगडांमध्ये मधूनच एक पितळी चौकोन चमकतो, दहा सेंटिमीटर बाय दहा. त्यावर ‘इथे राहत होते’ अशा अर्थाचे शब्द, खाली नाव, जन्मवर्ष आणि पुढे काय झालं ते. गुंटर डेमनिग या कलावंताचे हे स्मृतिदगड युरोपभर आहेत. हायडेलबर्गमध्ये ते २०१० पासून बसवले गेले. २२ ऑक्टोबर १९४० रोजी हायडेलबर्ग ज्यात येतं ते बाडेन आणि शेजारच्या प्रदेशांतल्या साडेसहा हजारांहून अधिक ज्यूंना घरांतून उचलून दक्षिण फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत नेण्यात आलं. पुढे त्यांतल्या अनेकांना आउशविट्झला. त्यांतले इथले लोक याच गल्ल्यांमध्ये, याच रंगीत काचांच्या जिन्यांवरून उतरले. शेजाऱ्यांच्या मोठ्या खिडक्या तेव्हाही दक्षिणेला होत्या. पाहणाऱ्याच्या वस्तीत न पाहणंही राहत होतं; या पितळी चौकोनापाशी वाकल्याशिवाय वस्तीचं वाचन पुरं होत नाही. अक्षरं वाचायला खाली वाकावंच लागतं.

दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब फारसे पडले नाहीत. पूल मात्र गेले, आणि तेही जर्मन सैन्याच्याच हातून. २९ मार्च १९४५ रोजी, अमेरिकन फौजा यायच्या आदल्या दिवशी, माघार घेताना त्यांनी जुन्या पुलाच्या कमानी उडवल्या. १९४७ मध्ये पूल पुन्हा उभा राहिला. उन्हात जवळून पाहिलं तर दगडांच्या रंगांतला फरक हाताला लागेल इतका स्पष्ट दिसतो.

पुलापासून पूर्वेला, त्सीगेलहॉयझर लांडश्ट्रासंवर १७ क्रमांकाचं घर आहे. १८४७ साली ते बांधलं फालेनश्टाइन यांनी. त्यांचा नातू, समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर १९१० ते १९१९ या काळात तिथे राहिला. समोर नदी आणि राजवाडा, मागे डोंगराचा उतार. वरच्या मजल्यावर धर्मशास्त्राचे अभ्यासक एर्न्स्ट ट्रॉल्च राहत. रविवारी दुपारी मॅक्स आणि मारिआनं वेबर यांच्याकडे चहाला विचारवंतांची गर्दी होई: यास्पर्स, तरुण लुकाच, ब्लॉख. मारिआनं स्वतः स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारी आणि बोलणारी विदुषी होती. वेबरच्या मृत्यूनंतर पुन्हा याच घरात तिने ही बैठक चालू ठेवली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६-१७ मध्ये, वेबरचा हिंदू आणि बौद्ध धर्मांवरचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. भारतात तो कधीही आला नव्हता. भाषांतरित ग्रंथ, ब्रिटिशांचे खानेसुमारीचे अहवाल, प्राच्यविद्यापंडितांचे लेख, एवढ्यावर त्याने जात, कर्म आणि मोक्ष यांचा भव्य आराखडा उभा केला. मला या ग्रंथात या घराची खिडकी दिसते. नदीपलीकडचं सगळं एका चौकटीत मावतं, एकाचा दुसऱ्याशी संबंध स्पष्ट होतो. पण पलीकडच्या गल्लीत कोण काय बोलतंय ते इथवर पोचत नाही. जेजुरीच्या जत्रेचा, मेंढरांमागे चालणाऱ्या धनगराच्या ओवीचा आवाज त्या आराखड्यात नाही.

तो आवाज नॉयनहाइममध्ये आला, पण अर्धशतकानंतर. वस्तीच्या पश्चिमेला, पूर्वीच्या शेतांवर, विद्यापीठाने नवं संकुल वसवलं आणि १९६२ मध्ये स्थापन झालेली दक्षिण आशिया संस्था अनेक दशकं तिथे होती. ग्युंथर सोंथायमर तिथले. कायद्याचा आणि संस्कृत ग्रंथांचा हा अभ्यासक महाराष्ट्रात आला आणि धनगरांच्या वाड्यांवर, जत्रांत, पालांजवळ बसून ओव्या ध्वनिमुद्रित करू लागला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये आला, अॅन फेल्डहाऊस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये. पंढरीच्या वारीवर त्यांनी चित्रपट केला. १९९२ मध्ये ते गेले. वेबरने जे दुरून पाहिलं त्यातलं काही सोंथायमरांनी पायी जाऊन ऐकलं आणि याच काठावर आणून लिहून काढलं.

त्यांनी महाराष्ट्रातली लोकदैवतं समजून घेण्यासाठी ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ अशी एक जोडी वापरली. क्षेत्र म्हणजे नांगरलेलं, वसवलेलं, वेशीच्या आतलं. वन म्हणजे डोंगर, रान, भटक्यांचा आणि मेंढपाळांचा मुलूख, जिथून देव गावात येतात. ही जोडी मनात ठेवून नॉयनहाइमच्या पुलावर उभं राहिलं तर दोन्ही काठ वेगळे दिसू लागतात. दक्षिणेला वेस, बाजार, राजवाडा, १३८६ चं विद्यापीठ. उत्तरेला हायलिगेनबर्ग डोंगर: माथ्याभोवती केल्टिक लोकांनी घातलेली दुहेरी तटबंदी, शिखरावर रोमनांचं मर्क्युरीचं देऊळ, त्याच्याच पायावर पुढे उभा राहिलेला संत मिखाएलचा मठ, आता तोही भग्न. एका देवाच्या जागेवर दुसरा, पण जागा तीच. डोंगरावरच्या देवाची ही रीत मराठी माणसाला नवी नाही. डोंगरावर १९३५ मध्ये नाझींनीही आपलं खुलं नाट्यगृह बांधलं. त्यांनाही तीच जागा हवी होती. तिथल्या रिकाम्या दगडी पायऱ्यांवर मला कधीही बसावंसं वाटलं नाही.

दक्षिण आशिया संस्था २०१९ मध्ये नदी ओलांडून बेर्गहाइममध्ये गेली. वेबरचं घर विद्यापीठाकडे आहे आणि तिथे परदेशी विद्यार्थ्यांना जर्मन शिकवतात. जगातल्या संस्कृतींचं दुरून वाचन जिथे झालं, त्या खोल्यांत त्या-त्या देशांतली मुलं-मुली आता वह्या उघडून बसतात, पुण्या-मुंबईचीही असतात. वर्ग सुटला की ती बागेच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडतात आणि भाषेच्या चुका एकमेकांना दुरुस्त करत नदीच्या कडेने पुलाकडे निघतात.